एकच डबा, दोन ईएसडी गन, दोन वेगळे रिझल्ट. खरं कोणाचं मानायचं?

हिंगणा_हार्डवेअर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथं नुसतं वाचून राहिलो, आज पहिल्यांदा विचारतो कारण दोन आठवडे झाले एकाच गोष्टीत अडकलोय. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो, म्हणजे काटोल-वरूडकडचा संत्रेवाला घरून फोन लावतो आणि बागेतली मोटर चालू होते, तो डबा. प्लास्टिकची पेटी, समोर मेम्ब्रेन कीपॅड, वर छोटा एलसीडी, बाजूला अँटेनाचा पितळी कनेक्टर आणि पुढच्या बाजूला चार स्टीलचे स्क्रू.

एका मोठ्या ग्राहकाला ईएसडीचा, म्हणजे गननं स्थिर विजेचे झटके मारून डबा टिकतो का याचा रिपोर्ट पाहिजे होता, आयईसी ६१०००-४-२ या स्टँडर्डप्रमाणे, काँटॅक्ट (गनचं टोक धातूला टेकवून) ८ केव्ही म्हणजे किलोव्होल्ट आणि एअर (टोक हवेतून जवळ नेऊन) १५ केव्ही. एप्रिलमध्ये पुण्याला एका लॅबमध्ये केलं, सगळं पास, दोन्ही पोलॅरिटी. ग्राहक म्हणाला आमच्या ठरलेल्या लॅबमध्येही एकदा करून घ्या, म्हणून जूनमध्ये तोच डबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथं ६ केव्ही काँटॅक्टलाच, वरच्या डाव्या स्क्रूवर, निगेटिव्हमध्ये चौथ्या-पाचव्या शॉटला डिस्प्ले गोठला. लाईट काढून परत लावेपर्यंत सुटलाच नाही.

डबा तोच, सिरीयल नंबर तोच, फर्मवेअर तोच, मी स्वतः तपासलं. दोन्ही लॅब एनएबीएलची सरकारमान्य मान्यता असलेल्या, दोघांच्या गन वेगवेगळ्या कंपनीच्या, दोघांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं चालू तारखेची. आता आमचे शेठ म्हणतात पहिल्या लॅबनं सोडून दिलं असेल, आणि ग्राहकाच्या माणसाला वाटते की आम्हीच मधे डब्यात काही बदललं. मला दोन्ही पटत नाही. पण मग एकाच स्टँडर्डच्या दोन गन इतका वेगळा रिझल्ट काहून देतात, आणि यातलं खरं कोणतं धरायचं?

बुटीबोरी_क्वालिटी

भाऊ, दोन गोष्टी लगेच डोक्यात येतात. एक म्हणजे हवा. एप्रिलमध्ये हवा कोरडी, जूनमध्ये पावसाची चाहूल, ईएसडीवर ह्युमिडिटीचा परिणाम होतोच. दुसरं, पहिल्या टेस्टमध्ये डब्यानं इतके शॉट खाल्ले तर एखादा भाग अर्धा मेला असेल आणि दुसऱ्या लॅबमध्ये तोच आधी पडला असेल. नवीन पीस नेला असता तर?

आणि तुमचा मायक्रोकंट्रोलर कितीचा आहे? आमच्याकडे डेटाशीटवर २ केव्ही एचबीएम (सुट्या चिपची स्थिर विजेची टेस्ट) लिहिलेली चिप आहे, मग बोर्ड ८ ला कसा टिकेल हा प्रश्न मला कायम पडतो.

धरमपेठ_ईएमसी

हिंगणावाले भाऊ, दोघांपैकी एक लॅब खोटं बोलतेय हा विचार आधी सोडा. मी सोळा वर्षं लॅबमध्ये गन हातात धरून उभा राहिलोय आणि हे इतक्या वेळा पाहिलंय की दोन्ही रिझल्ट खरे असणार असं मी डबा न बघताच सांगू शकतो. जरा लांब लिहितो, पण हे नीट समजलं नाही तर माणसं एकमेकांवर संशय घेत बसतात आणि डबा तसाच कच्चा बाजारात जातो.

गन म्हणजे १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ३३० ओहमचा रेझिस्टर एवढंच आपण शिकतो. पण काँटॅक्ट डिस्चार्जमध्ये पहिला जो टोकदार पीक येतो तो मुख्यतः त्या मोठ्या कपॅसिटरमधून येत नाही, तो येतो गनच्या टोकाजवळच्या धातूच्या भागांमध्ये जी थोडीशी कपॅसिटन्स पसरलेली असते तिच्यातून, आणि तिथली रचना, आतला हाय व्होल्टेज रिले, टोकाची बांधणी हे प्रत्येक कंपनीचं आपापलं. १५० पिकोफॅरडचा चार्ज मागून निवांत येतो, २ मीटरच्या अर्थ वायरचं इंडक्टन्स त्याला अडवतं, म्हणून वेव्हफॉर्मला पुढं दुसरा फुगवटा दिसतो.

आता स्टँडर्ड यातलं काय बांधून घालतं ते बघा. ८ केव्हीला पहिला पीक ३० अँपिअर, अधिक-उणे १५ टक्के. राइज टाइम ०.८ नॅनोसेकंद, अधिक-उणे २५ टक्के. ३० नॅनोसेकंदाला १६ अँपिअर आणि ६० नॅनोसेकंदाला ८ अँपिअर, दोन्हीला ३० टक्क्यांची सूट. झालं. चार आकडे. मधल्या वळणांवर, लहरींवर कोणाचंही फारसं बंधन नाही.

या सुटीचं गणित स्वतः करून बघा, मी पहिल्यांदा केलं तेव्हा अवाक् झालो होतो. राइज टाइम १० ते ९० टक्क्यांमध्ये मोजतात, म्हणजे पीकचा ८० टक्के भाग. एक गन घ्या ३४.५ अँपिअर आणि ०.६ नॅनोसेकंदवाली, तिचा चढ येतो ४६ अँपिअर प्रति नॅनोसेकंद. दुसरी घ्या २५.५ अँपिअर आणि १ नॅनोसेकंदवाली, तिचा चढ २०.४. दोन्ही गन पास, दोन्हीला सर्टिफिकेट, आणि चढात सव्वादोन पटीचा फरक! डिस्चार्जच्या वाटेपासून १० सेंटीमीटरवर तुमच्या बोर्डावर १ चौरस सेंटीमीटरचं एखादं लूप, म्हणजे तारेचा वेढा, असेल तर मोकळ्या हवेचा हिशोब धरून पहिल्या गननं त्यात साधारण ९ व्होल्ट उठतील आणि दुसरीनं ४ च्या आसपास. खाली ग्राउंड प्लेन असेल तर कमी, लूप स्क्रूच्या जवळ असेल तर कितीतरी जास्त. ३.३ व्होल्टच्या लाइनला यातला कोणता आकडा पाडतो आणि कोणता नाही हे तुमच्या नशिबावर नाही, लेआउटवर आहे, पण गन बदलली की आकडा बदलतो हे नक्की.

आणि हे तर फक्त करंटचं झालं. गनच्या अंगातून जी फील्ड बाहेर पडते, इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक, ती कॅलिब्रेशनमध्ये पास-नापासासाठी मोजतच नाहीत. अमेरिकेत मिसूरीच्या विद्यापीठात डेव्हिड पॉमेरेन्के आणि त्यांच्या ग्रुपनं यावर वर्षानुवर्षं काम केलंय, ज्यांचा करंट स्टँडर्डमध्ये बसतो अशा वेगवेगळ्या गन एकाच उपकरणाला वेगवेगळ्या केव्हीला पाडतात आणि त्यामागं मुख्यतः या फील्ड आणि १ गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी असतात हे त्यांनी दाखवलं. १९९५ च्या आवृत्तीत कॅलिब्रेशनला १ गिगाहर्ट्झचा स्कोप चालायचा, २००८ च्या आवृत्तीत तो किमान २ गिगाहर्ट्झ केला, म्हणजे आधी जे दिसतच नव्हतं ते थोडं दिसायला लागलं. पण दिसणं वेगळं आणि त्यावर मर्यादा घालणं वेगळं.

बुटीबोरीवाल्या भाऊंच्या मुद्द्यांवर. काँटॅक्ट डिस्चार्जमध्ये ठिणगी बंद रिलेच्या आत पडते, बाहेरच्या ह्युमिडिटीचा तिथं जवळजवळ संबंध नाही. हवेचा खेळ एअर डिस्चार्जमध्ये. आणि चिपचा २ केव्ही एचबीएम म्हणजे १०० पिकोफॅरड आणि १५०० ओहममधून, करंट जेमतेम १.३ अँपिअर, तेही पॉवर न दिलेली सुटी चिप जळते का एवढंच बघायला. त्याची तुलना ३० अँपिअरशी करायचीच नाही, ती दोन वेगळी जगं आहेत. अर्धा मेलेला पार्ट ही शंका मात्र रास्त आहे, नवीन पीसवर एकदा बघा.

आता हिंगणावाले भाऊ, हे सांगा: दुसऱ्या लॅबमध्ये गनची अर्थ वायर कुठून गेली होती? डबा आणि त्याच्या केबलपासून ती किमान २० सेंटीमीटर लांब पाहिजे. कॅलिब्रेशनच्या वेळी ती मध्यावर धरून मागं ओढलेली असते आणि टोक करंट मोजायच्या २ ओहमच्या टारगेटवर टेकलेलं असतं, टेस्टमध्ये ती कशीही लोळते आणि तुमचा डबा काही २ ओहमचा नाही. गन पृष्ठभागाला काटकोनात होती की तिरकी? तो स्क्रू बोर्डाच्या ग्राउंडला लागतो की अधांतरी आहे? अधांतरी असेल तर पेटीच्या आत दुसरी ठिणगी पडते आणि मग रिझल्टचा भरवसाच राहत नाही. दोन शॉटमध्ये चार्ज उतरवला जात होता का?

हिंगणा_हार्डवेअर

सर, तुमचे खूप आभार, ते सव्वादोन पटीचं गणित मी शेठला कागदावर मांडून दाखवलं, पहिल्या लॅबबद्दलचं त्यांचं बोलणं बंद झालं.

फोटो काढले होते ते आता नीट बघितले. पहिल्या लॅबमध्ये अर्थ वायर टेबलाच्या मागून खाली गेलेली आहे, दुसऱ्या लॅबमध्ये ती आमच्या पंपाच्या केबलला जवळजवळ चिकटून लोंबतेय. गन दोन्हीकडे सरळच दिसते. स्क्रू माउंटिंग होलच्या तांब्यातून ग्राउंडला लागतो, अधांतरी नाही. डब्याला अर्थ आहे म्हणून चार्ज आपोआप उतरतो असं दोघंही म्हणाले. नवीन पीस पाठवायचा विचार करून राहिलो.

मनीषनगर_फर्मवेअर

मी कोडवाला आहे, गनमधलं फारसं कळत नाही पण एक विचारतो. "हँग झाला" म्हणजे नेमकं काय झालं? प्रोसेसर थांबला, की फक्त एलसीडी थांबला? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आमच्याकडे याच गोंधळात दोन महिने गेले होते. बोर्डावर एक एलईडी अर्ध्या सेकंदाला लुकलुकत ठेवा, आणि रीसेट कशानं झाला ते रजिस्टर बूटच्या वेळी वाचून मेमरीत लिहून ठेवा, वॉचडॉग (प्रोसेसर अडकला की त्याला रीसेट करणारा टायमर) की ब्राउनआउट (व्होल्टेज खाली पडणं) की रीसेट पिन. मग पुढच्या वेळी डबा स्वतःच सांगेल.

आणि वॉचडॉग चालू आहे ना? तो असता तर प्रोसेसर आपोआप उठला असता, क्रायटेरिया बी मध्ये पास झाला असता.

धरमपेठ_ईएमसी

लुकलुकणारा एलईडी शंभर टक्के लावा, हा सल्ला सोन्यासारखा आहे.

वॉचडॉगबद्दल मात्र थांबा. आपोआप सावरलं की बी, माणसाला हात लावावा लागला की सी, हे बरोबर, पण सावरताना काय काय होऊ द्यायचं ते उपकरण बनवणाऱ्यानं आधी लिहून द्यायचं असतं. हा पंपाचा स्टार्टर आहे. प्रोसेसर रीसेट झाला आणि मोटरला वीज देणारा काँटॅक्टर सुटला तर रात्री थ्री फेज लाईट असताना मोटर बंद पडेल आणि शेतकऱ्याला सकाळी कळेल की बागेला पाणी गेलंच नाही. रिपोर्टवर ते बी दिसेल. शेतात ते नापासच आहे. म्हणून रीसेटनंतर मोटर पुन्हा आधीच्या स्थितीत येते का हे टेस्ट प्लॅनमध्ये लिहा आणि लॅबला ते तपासायला लावा.

भाऊ, नुसतं पास-नापास मागू नका. लॅबला सांगा १ केव्हीच्या पायरीनं वर जा आणि कुठं पडतो ते लिहा. "८ ला पास" यातून तुम्ही ८.२ ला पडणार होता की १४ ला हे कळत नाही, आणि दुसऱ्या गनवर टिकणार की नाही हे त्यावरच ठरतं. दोन्ही लॅबमध्ये हा पडण्याचा आकडा काढा, वायर एकदा नीट लांब ठेवून आणि एकदा तशीच ठेवून. रिपोर्टमध्ये गनचं मॉडेल, टोक, वायरची वाट, फोटो, सगळं मागून घ्या.

बुटीबोरी_क्वालिटी

काँटॅक्टमध्ये हवेचा संबंध नाही हे मला माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. पण मग एअरचं सांगा ना, कारण आमचं खरं दुखणं तिथं आहे. आमच्या स्वतःच्या बेंचवर एकच गन, एकच माणूस, तरी मे महिन्यात एक रिझल्ट आणि जुलैत दुसरा. मे मध्ये सुद्धा कूलर चालू असला की वेगळा आणि बंद असला की वेगळा.

धरमपेठ_ईएमसी

कूलरची गोष्ट अगदी खरी आहे, नागपुरात बसून एअर डिस्चार्ज करणाऱ्या प्रत्येकानं ही पाहिली पाहिजे. स्टँडर्डला एअरसाठी ३० ते ६० टक्के ह्युमिडिटी लागते, तापमान १५ ते ३५ अंश. आपल्याकडे मे मधल्या दुपारी कूलर बंद असला तर खोली ३० च्या खाली जाते, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सुरू केलं की तासाभरात भरभर चढते, आणि जुलैत ६० च्या वर बसते ती उतरतच नाही. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस आपण मर्यादेच्या बाहेरच असतो. बेंचवर हायग्रोमीटर ठेवा, बाकी सगळं त्यानंतर.

कारण असं की गनचं गोल टोक जवळ येत असताना व्होल्टेज पुरेसं झालं तरी ठिणगी लगेच पडत नाही, हवेत पहिला इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत थोडा वेळ जातो. कोरड्या हवेत हा वेळ जास्त, तोपर्यंत टोक आणखी जवळ आलेलं असतं, ठिणगी आखूड होते, तिचा रेझिस्टन्स पटकन कोसळतो आणि करंट एकदम उभा चढतो. दमट हवेत ठिणगी लांबूनच पडते आणि चढ लोळतो. तेच वेगाचं, हात जोरात नेला की ठिणगी आखूड. म्हणून सावकाश नेणारा ऑपरेटर आणि झपकन नेणारा ऑपरेटर यांच्यात गन एक असूनही रिझल्ट वेगळे येतात. स्टँडर्ड म्हणतं शक्य तितक्या वेगानं न्या, पण "शक्य तितका" प्रत्येक हाताचा वेगळा. त्यामुळंच जिथं धातू उघडा आहे तिथं काँटॅक्ट पद्धत आधी वापरायची असते. एअरच्या रिझल्टमध्ये १० शॉटवर समाधान मानू नका, ३०-५० मारा.

हिंगणा_हार्डवेअर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, उशीर झाला त्याबद्दल माफी. दोन्ही लॅबमध्ये अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा स्लॉट घेतला, नवीन पीस आणि जुना पीस दोन्ही नेले, एलईडी लावून.

जुना आणि नवीन सारखेच पडले, म्हणजे पार्ट अर्धा मेल्याची शंका गेली. दुसऱ्या लॅबच्या गननं निगेटिव्हमध्ये ५ ला टिकतो, ६ ला पडतो. अर्थ वायर केबलपासून लांब बांधली तर ६ ला टिकतो, ७ ला पडतो. पहिल्या लॅबच्या गननं १० पर्यंत काहीच नाही, ११ ला पडला. आणि पडतो तो त्याच स्क्रूवर, त्याच पद्धतीनं. सर, तुम्ही डबा न बघता सांगितलं होतं ते खरं निघालं, दोन्ही लॅब बरोबरच होत्या, आम्ही नेमके दोघांच्या मधल्या जागेत होतो.

आता मुख्य गोष्ट, मनीषनगर भाऊ, ही तुमच्यामुळं सापडली. डिस्प्ले गोठलेला असताना एलईडी लुकलुकतच होता! प्रोसेसर जिवंत, फोन लावला तर मोटरही चालू-बंद होत होती, मेला होता फक्त एलसीडी. वॉचडॉग चालूच होता पण त्याला उठवायला काही कारणच नव्हतं. एलसीडीची रीसेट लाइन प्रोसेसरपासून रिबनमधून वर जाते आणि ती रिबन त्या डाव्या स्क्रूच्या अगदी बाजूनं, साधारण १ सेंटीमीटरवरून जाते. रिबनमध्ये ग्राउंडची एकच तार, तीही दुसऱ्या टोकाला. म्हणजे सरांनी सांगितलेलं लूप आम्ही आपल्या हातानं स्क्रूजवळ मांडून ठेवलं होतं.

केलं काय ते सांगतो. एलसीडीच्या बाजूला रीसेट लाइनवर १ किलोओहम सिरीज आणि ग्राउंडला १०० नॅनोफॅरड, रिबनमध्ये रीसेटच्या शेजारची तार ग्राउंडला दिली, रिबन स्क्रूपासून दूर उजव्या बाजूनं वळवली, आणि कोडमध्ये दर ५ सेकंदांनी एलसीडीचे सेटिंग परत लिहितो. एका डब्यामागं खर्च दोन रुपयेही वाढला नाही. लॅबमध्येच हातानं जोडून पाहिलं, दुसऱ्या लॅबच्या गननं, अर्थ वायर जाणूनबुजून वाईट ठेवून, दोन्ही पोलॅरिटीत १० पर्यंत काही झालं नाही. त्याच्या वर लॅबवाल्यांनी नको म्हटलं, त्यांची पुढची बुकिंग उभी होती.

ग्राहकाला दोन्ही लॅबचे आकडे, गनचे मॉडेल आणि वायरचे फोटो एकत्र पाठवले. त्यांच्या माणसानं फोन करून सांगितलं की यापुढं ते सगळ्याच सप्लायरकडून पडण्याचा आकडा मागणार.

आता एअरचं बाकी आहे. कीपॅडच्या कडेला १५ केव्हीला ५० शॉट मारायचेत, पण इथं सकाळपासून पाऊस लागलाय आणि बेंचवरचा काटा ७८ वर आहे. एसी लावून खोली ५० च्या आसपास आणता येते का ते उद्या बघतो, जमलं तर आकडे इथंच टाकतो.

मनीषनगर_फर्मवेअर

भाऊ, मस्त. एक लक्षात ठेवा, एलसीडीचे सेटिंग परत लिहिताना स्क्रीन चमकली तर कीपॅड दाबणाऱ्याला बटण लागलं नाही असं वाटतं. कोणी बटण दाबत असेल तेव्हा तेवढं टाळा.

धरमपेठ_ईएमसी

एसीनं ह्युमिडिटी उतरली की लगेच सुरू करू नका, तासभर डबा त्याच खोलीत राहू द्या, कीपॅडच्या प्लास्टिकवर आणि फटींमध्ये ओल धरून असते ती जायला वेळ लागतो. आणि शॉट मारताना प्रत्येक शॉटला ठिणगी खरंच पडली का ते लिहून ठेवा. ५० पैकी २० वेळा पडलीच नाही तर ती ५० ची टेस्ट नाही.

हिंगणा_हार्डवेअर

हो सर, वही घेऊनच बसतो.